स्त्रीदाक्षिण्य आणि हक्कसोड

आपल्या कार्यकर्त्यांत अलीकडे एक वाद वरचेवर ऐकू येतो. सभेस भगिनी आल्या की पुरुषांनी उठून खुर्ची द्यावी, एस.टी.त जागा सोडावी, दार उघडून बाजूस व्हावे, व्यासपीठावर प्रथम त्यांच्याच हस्ते पुष्पहार अर्पण करावा, हा शिष्टाचार आहे, की स्त्रीला अबला मानण्याचा एक सभ्य प्रकार आहे? एक पक्ष म्हणतो, ज्या समाजातील स्त्रियांना शतकानुशतके कोणी माणूस म्हणून वागविले नाही त्यांना आज मान मिळत असेल, तर त्यात खोड काढणे हा करंटेपणा होय. दुसऱ्या पक्षात शिकलेल्या तरुण मुली पुष्कळ आहेत. त्या म्हणतात, आम्हांस मान नको, समता हवी. वाद वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु ज्यांनी समतेसाठी धर्म बदलला, त्यांनी तो क्षुल्लक म्हणून टाळणे योग्य होणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. या वागणुकीस मराठीत स्त्रीदाक्षिण्य म्हणतात. दाक्षिण्य म्हणजे सौजन्य, भीड, मन राखणे. दाक्षिण्य दाखविणे वा न दाखविणे हे दाखविणाऱ्याच्या मर्जीवर असते. ज्याच्यापाशी सत्ता आहे तोच दाक्षिण्य दाखवू शकतो. ज्याच्यापाशी ती नाही त्याच्याकडून दाक्षिण्याची अपेक्षाच नसते, त्याच्याकडून फक्त अदबीची अपेक्षा असते. हक्काचे तसे नाही. हक्क मागणाऱ्यास समोरच्याची मर्जी पाहावी लागत नाही. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील विचार सोपा होतो.

मनुस्मृतीचे समर्थक आजही एक वचन मोठ्या अभिमानाने पुढे करतात. जेथे स्त्रियांची पूजा होते तेथे देवता संतुष्ट होतात, असा त्याचा आशय. हे वचन त्या ग्रंथात आहे, यात शंका नाही. पण त्याच ग्रंथात असेही सांगितले आहे की स्त्रीने बालपणी पित्याच्या, तारुण्यात पतीच्या व वार्धक्यात पुत्राच्या रक्षणाखाली राहावे, आणि ती स्वातंत्र्यास पात्र नाही. पुष्कळांना ही विसंगती वाटते. आम्हांस ती वाटत नाही. पूजेच्या वचनाला लागूनच स्त्रियांचा सत्कार कशाने करावा हे ग्रंथकाराने सांगितले आहे: अलंकाराने, वस्त्राने व भोजनाने. अधिकाराने करावा असे कोठेही सांगितलेले नाही. दागिना द्यावा आणि निर्णय आपल्या हाती ठेवावा, ही एकच व्यवस्था असून ती दोन वचनांत वाटलेली आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे जो ग्रंथ जाळण्यात आला, त्यात हे पूजेचे वचनही होते, हे स्त्रीसन्मानाच्या नावाने त्याचा कैवार घेणाऱ्यांनी विसरू नये.

हे दाक्षिण्य आजवर कोणत्या स्त्रियांच्या वाट्याला आले, हाही प्रश्न विचारला पाहिजे. पाश्चात्त्यांच्या स्त्रीदाक्षिण्याचे उदाहरण म्हणून टायटॅनिक जहाजाची कथा सांगतात. १९१२ साली ते बुडाले, तेव्हा प्रथम स्त्रिया व मुले यांना होड्यांत बसवावे असा आदेश होता. ब्रिटिश सरकारच्या चौकशीत नोंदलेले आकडे पाहावेत. पहिल्या वर्गातील १४४ स्त्रियांपैकी १४० वाचल्या. तिसऱ्या वर्गातील १६५ पैकी केवळ ७६ वाचल्या. त्या वर्गातील स्त्रियांना पुरुषांपेक्षा अधिक संधी मिळाली हे खरे. पण गरीब स्त्रीच्या वाट्यास आलेले दाक्षिण्य श्रीमंत स्त्रीच्या निम्मेही नव्हते. अमेरिकेत गुलामगिरीतून सुटलेल्या सोजर्नर ट्रुथ या कृष्णवर्णी स्त्रीने १८५१ साली ॲक्रन येथील स्त्रीहक्क परिषदेत भाषण केले. त्या भाषणाचा जो वृत्तांत पुढे १८६३ साली प्रसिद्ध झाला त्यात हाच मुद्दा आहे. स्त्रियांना गाडीत चढताना हात द्यावा लागतो असे पुरुष सांगतात. मला तर कोणी कधी हात दिला नाही, मग मी स्त्री नव्हे काय, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. हा वृत्तांत भाषणानंतर बारा वर्षांनी लिहिलेला असल्याने त्यातील शब्द तिचेच आहेत की नाहीत याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु त्यातील प्रश्नाला उत्तर देणे त्यामुळे टळत नाही.

आपल्याकडे पाहू. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात वीरगावच्या महारवाड्यातील स्त्रियांचे जे जीवन लिहून ठेवले आहे, ते प्रत्येक बौद्ध तरुणाने वाचावे. डोक्यावर लाकडाचा भारा घेतलेली महार स्त्री वाटेने चालली असता समोरून उच्च जातीचा माणूस आला, तर तिने वाट सोडून बाजूच्या काट्याकुट्यात उतरावे अशी तेथली रीत होती. पुरुषाने स्त्रीसाठी वाट सोडणे हे स्त्रीदाक्षिण्य. येथे भारा वाहणारी स्त्री रिकाम्या हातांच्या पुरुषासाठी वाट सोडीत होती. त्रावणकोर संस्थानात तर खालच्या मानलेल्या जातींच्या स्त्रियांना अंगावर वरचे वस्त्र घेण्यासाठी दीर्घ झगडा द्यावा लागला. १८५९ साली नाडार स्त्रियांना तशी मोकळीक देणारा जाहीरनामा निघाला, तोही उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र घेऊ नये या अटीवर. स्त्रीच्या लज्जेचे रक्षण हे ज्या समाजाचे ब्रीद, त्यानेच लज्जेचीही जात ठरविली होती. आणि ही केवळ जुनी गोष्ट म्हणून सोडून देण्याची सोय नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे यांची गावच्या जमावाने हत्या केली. त्या गावातही सणावारी स्त्रियांना मान देण्याची रीत असलीच पाहिजे. त्या रीतीने त्या मायलेकींना वाचविले नाही. मर्जीने मिळणारा मान मर्जी फिरताच नाहीसा होतो, हे आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणास अनुभवाने ठाऊक असणार?

कोणी म्हणेल, हा जातीचा प्रश्न झाला. सर्वच स्त्रियांना जे दाक्षिण्य मिळते त्यात वाईट काय? त्यासाठी कायद्यातील एक उदाहरण घेऊ. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे कलम ४९७ व्यभिचाराविषयी होते. परस्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषास त्यात शिक्षा होती, स्त्रीला नव्हती. वरवर पाहता हे स्त्रीदाक्षिण्यच. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने युसुफ अब्दुल अझीझ खटल्यात, स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा देणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद १५(३) चा आधार घेऊन, ही सूट वैध ठरविली. परंतु त्याच कलमात असेही होते की पतीची संमती असेल तर गुन्हाच घडत नाही. म्हणजे गुन्हा पतीविरुद्ध होता आणि स्त्री ही त्याची वस्तू होती. वस्तूला शिक्षा कोण करील? २७ सप्टेंबर २०१८ रोजी जोसेफ शाइन खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते कलम एकमताने रद्द केले. त्याआधी २००७ साली, मद्य दिले जाते अशा ठिकाणी स्त्रियांना नोकरी करण्यास मनाई करणारी पंजाब अबकारी कायद्यातील तरतूदही त्याच न्यायालयाने रद्द केली होती. ती मनाई स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी आहे असे सांगण्यात आले होते. सुरक्षितता हवी तर ती राज्याने द्यावी, त्यासाठी स्त्रीची नोकरी काढून घेऊ नये, असा त्या निर्णयाचा मथितार्थ होता.

मानसशास्त्रज्ञांनीही हा विषय तपासला आहे. पीटर ग्लिक व सुझन फिस्क या अमेरिकन संशोधकांनी १९९६ साली असे मांडले की स्त्रीविषयीचा दुजाभाव दोन प्रकारचा असतो: एक उघड द्वेषाचा, दुसरा गोड पालकत्वाचा. पुढे २००० साली १९ देशांतील पाहणी प्रसिद्ध झाली, तीत असे दिसले की ज्या देशांत पहिला भाव अधिक, त्या देशांत दुसराही अधिक आढळतो. ते परस्परांचे शत्रू नसून सोबती आहेत. जी स्त्री ठरविलेल्या चौकटीत राहते तिला गोडवा, जी बाहेर पडते तिला दंड. मनूची दोन वचने एकाच ग्रंथात का नांदतात, याचे हे आधुनिक उत्तर होय.

आता आपल्या धम्माकडे वळू. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी पतीने पत्नीची सेवा कोणत्या पाच प्रकारे करावी हे सांगितले आहे. तिचा सन्मान करावा, अवमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, तिच्या हाती अधिकार सोपवावा, आणि तिला अलंकार द्यावेत. मनूच्या यादीत वस्त्रालंकार आहेत, बुद्धांच्या यादीतही अलंकार आहेत. मात्र त्यांच्या अगोदर अधिकार सोपविण्याची गोष्ट आलेली आहे. शिवाय तेथे पत्नीचीही पाच कर्तव्ये सांगितली आहेत. म्हणजे व्यवहार दोन्ही बाजूंनी आहे. सन्मान आणि अधिकार यांची अशी जोड घातली म्हणजे सन्मानाला अर्थ येतो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. विनयपिटकात भिक्खुणींसाठी जे आठ गुरुधम्म सांगितले आहेत, त्यांतील पहिला असा की शंभर वर्षांची दीक्षा झालेल्या भिक्खुणीनेही त्याच दिवशी दीक्षा घेतलेल्या भिक्खूस अभिवादन करावे. हे नियम उत्तरकालीन आहेत असे अनेक अभ्यासक मानतात. पण त्याच ग्रंथात असेही नोंदले आहे की महापजापती गोतमीने, अभिवादन लिंगभेदावर नको, ज्येष्ठतेप्रमाणे असावे, अशी विनंती केली होती. ती मान्य झाली नाही, असे ग्रंथ सांगतो. तथापि अडीच हजार वर्षांपूर्वी एका वृद्ध भिक्खुणीने नेमका हाच प्रश्न उपस्थित केला होता, याचा आम्हांस अभिमान वाटतो. आज आपल्या मुली जे विचारतात ते परक्यांकडून उसने आणलेले नाही.

पूज्य बाबासाहेबांची दृष्टी याविषयी निःसंदिग्ध होती. १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेच्या विधेयकास त्यांनी पाठिंबा दिला, तो अबलेवरील करुणा म्हणून नव्हे. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे या भूमिकेवरून. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या महिला परिषदेत त्यांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचा आपला दंडक सांगितला, आणि पत्नीने पतीची दासी न होता मैत्रीण व्हावे असा उपदेश केला. हिंदू कोड बिलात त्यांनी मुलीला मुलाइतका वाटा, स्त्रीला संपत्तीवर पूर्ण मालकी व घटस्फोटाचा अधिकार देऊ केला. त्यावर सनातन्यांनी जो गहजब केला त्यात एक आक्षेप असा होता की बहिणीला वाटा दिला तर भावाबहिणींच्या प्रेमात वितुष्ट येईल. १९५१ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत या बिलाची झालेली वाताहत हे एक प्रमुख कारण होते.

आणि येथेच आम्हांस आपल्या घरात पाहावेसे वाटते. बाबासाहेबांनी ज्या वाट्यासाठी मंत्रिपद सोडले, त्या वाट्याचे आपण काय केले? १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने मुलगी वारस झाली. १९९४ साली महाराष्ट्राने, व २००५ साली केंद्राने, वडिलोपार्जित संपत्तीत तिला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती केली. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी हा हक्क बाधित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. हे कायदे बौद्धांनाही लागू आहेत. परंतु वडिलांच्या पश्चात तलाठ्याकडे वारस नोंद झाली, की पुढे काय घडते हे प्रत्येक वाचकास ठाऊक आहे. ‘बहिणींची नावे कमी करायची आहेत’ असा निरोप जातो. बहीण सासरहून येते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर तिची सही वा अंगठा होतो. मोबदल्याच्या रकान्यात काही नसते. नात्याचे प्रेम एवढाच मोबदला. नंतर तिला जेवू घालतात, साडीचोळी करतात, आणि भाऊ तिला एस.टी.त खिडकीजवळची जागा मिळवून देतो. तो दुष्ट नसतो. त्याचे बहिणीवर प्रेम असते. साडी घेताना तो भावाच्या घासाघिशीत पडत नाही. जी बहीण सही करते ती गुणाची. जी नाकारते तिला त्या दारी पुन्हा साडी नाही व माहेरही नाही. गोड पालकत्व आणि दंड यांची जोडी आम्ही वर सांगितली, ती आपल्याच अंगणात अशी नांदते.

जमिनी थोड्या आहेत, वाटण्यासारखे आहे काय, असे उत्तर मिळते. १९५८ च्या कायद्याने महार वतने गेली. कोणाकडे इनामाचा तुकडा उरला, कोणाकडे शहरातील एक खोली. तुकडा लहान हे खरे. पण तो भावाला पुरतो आणि बहिणीला पुरत नाही, हे कोणत्या गणिताने? पतीने टाकलेल्या स्त्रीला, विधवेला, त्याच तुकड्यावरील नाव हेच एकमेव छप्पर असते. उद्या रस्त्यासाठी तीच जमीन संपादित होऊन मोबदला आला, म्हणजे तुकड्याची खरी किंमत भावाला कळते आणि बहीण यादीत नसते.

विहारांतही हेच चित्र आहे. वर्षावासात ग्रंथवाचनास बसणाऱ्या बहुतांशी स्त्रिया, खीरदानाचा स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया, घरोघर वर्गणी मागणाऱ्या स्त्रिया. १४ एप्रिलला व्यासपीठावर ‘माता-भगिनींनो’ म्हणून त्यांचा गौरव होतो व पहिल्या रांगेत त्यांना बसवितात. विश्वस्तांच्या यादीत मात्र त्यांची नावे शोधावी लागतात.

मग सौजन्य सोडून द्यावे काय? मुळीच नव्हे. मैत्री व करुणा हा धम्माचा पाया आहे, आणि थकलेल्या माणसास जागा देणे हा त्याचा नित्याचा आचार आहे. आमचे म्हणणे इतकेच की अशा प्रत्येक वर्तनास तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हे सौजन्य सर्व स्त्रियांना मिळते काय? इस्त्रीच्या साडीतील प्राध्यापिकेसाठी जो उठतो, तो सफाई कामगार भगिनीसाठी, मोळी घेतलेल्या म्हातारीसाठी उठतो काय? दुसरा, ते गरज पाहून दिले जाते काय? गरोदर स्त्रीस जागा द्यावी, तशीच आजारी पुरुषासही. आणि तरण्याताठ्या मुलीने वृद्ध पुरुषासाठी उठावे, यात तिचाही मोठेपणा आहे. तिसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा: तिने नकार दिला, मत मांडले, वाटा मागितला, तर ते सौजन्य टिकते काय? या तिन्ही कसोट्यांस जे उतरते तो शिष्टाचार. जे उतरत नाही ते स्त्रीला जागच्या जागी ठेवण्याचे साधन, मग त्याचे नाव कितीही गोड असो.

कोणी विचारील, एस.टी.तील राखीव आसने व प्रसूतिरजा यांचे काय? ते दाक्षिण्य नव्हे. ते नियमात लिहिलेले आहे. कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही, आणि त्यामुळे स्त्रीला घराबाहेर पडण्याचे व कमावण्याचे बळ येते. कलम ४९७ ची सूट आणि प्रसूतिरजा या दोन्ही विशेष तरतुदीच होत. पण पहिलीने स्त्रीला पतीची वस्तू ठेवले, दुसरीने तिला कामावर ठेवले. आपल्याला या दुसऱ्या जातीच्या तरतुदी हव्या आहेत, आणि त्या मागताना कोणाचे आभार मानण्याचे कारण नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व मानवमात्र समान आहेत असे मानण्याची, व समता स्थापन करण्याचा प्रयत्न करण्याची प्रतिज्ञा आहे. त्या दिवशी पांढरी पातळे नेसून आलेल्या स्त्रियांनी त्या पुरुषांबरोबर उच्चारल्या. पुरुषांच्या मागून नव्हे. तेव्हा पुढील धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आत दोन कामे करावीत, अशी आमची वाचकांस विनंती आहे. प्रत्येक घरातील कर्त्या पुरुषाने सातबारा वा खोलीचे कागद काढून बहिणीचे नाव तेथे आहे की नाही ते पाहावे, आणि कमी केले असल्यास ते पुन्हा कसे लागेल याचा सल्ला वकिलाकडून घ्यावा. प्रत्येक विहाराने विश्वस्तांची यादी भिंतीवर लावावी आणि वर्षभर जे राबले त्यांची नावे तीत किती, हे सर्वांसमक्ष मोजावे. ज्या बहिणीचे नाव कागदावर आहे तिला भावाने भाऊबिजेस साडी अवश्य द्यावी. ती साडी तिला आनंदाने नेसता येईल.

जय भीम.